‘रक्त पातळ करायची गोळी’ आणि आईची हिरवी लस्सी

‘‘तुमची आई रोज काय खाते?’’

हॉस्पिटलमधल्या त्या तरुण फार्मासिस्टनं विचारलं आणि मी जरा अभिमानानंच सांगायला लागले. सकाळी केल आणि पालकाची स्मूदी, दुपारी पोळी आणि एखादी पालेभाजी, रात्री जेवणाबरोबर हिरवं सॅलड. ती लिहून घेत होती. लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, ‘‘आणि भारतात असताना?’’

‘‘भारतात पालेभाजी जवळजवळ नाहीच,’’ मी म्हणाले. बोलून झाल्यावर माझं वाक्य मलाच ऐकू आलं. शेजारच्या पलंगावर आई हाताला सुई लावून झोपली होती.

मी हे लिहितेय, कारण आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील दर उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी इकडे येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या औषधांच्या डब्यात एक छोटीशी गोळी असते. घरात तिला सगळे ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. आम्हीही म्हणायचो. ती गोळी रक्त पातळ करत नाही, हे मला कळायला आईची वाचा जावी लागली.

आम्ही विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला राहतो. दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं हे गाव आहे. इथे येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. आई कराडला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाली. लहानपणी तिला घसा धरून ताप आला, मग सांधे सुजले, पंधरा-वीस दिवसांनी सगळं बरं झालं. त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तो ऱ्हुमॅटिक फीवर होता. त्यानं हृदयाची एक झडप हळूहळू खराब करत नेली, ते पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. जिना चढताना दम लागायला लागला होता. २००९ मध्ये ऑपरेशन करून तिची डावीकडची झडप बदलली आणि यांत्रिक झडप बसवली.

रात्री घर शांत झालं की आईच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. माझा मुलगा लहान असताना म्हणायचा, ‘‘आजीनं घड्याळ गिळलंय.’’ आईलाही तो आवाज आवडतो. म्हणते, ‘‘वाजतंय तोवर मी आहे.’’

या झडपेबरोबर ती गोळी आयुष्यभराची आली. गोळीच्या मात्रेवर नजर ठेवायला आयएनआर नावाची रक्ततपासणी असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो, याचा तो हिशेब. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. आईसारखी झडप असलेल्यांचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवतात. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी धरायची भीती, फार वर गेला तर रक्तस्राव व्हायची. कराडला आई दर महिन्याला न चुकता तपासून घ्यायची आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायची. निघायच्या आधीचा आकडा होता २.९. अगदी छान.

मागच्या वर्षी मेच्या मध्यावर ती इकडे आली आणि आम्ही दोघींनी मिळून दोन चुका केल्या.

पहिली चूक तपासणीची. पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्यात जुने आजार सहसा बसत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. आई म्हणाली, ‘‘कशाला उगाच डॉलर घालवता? मी ठणठणीत आहे. गोळी वेळेवर घेतेय ना? परत गेल्यावर करू.’’ मी नुसतं ‘‘बघू’’ म्हटलं. त्या ‘बघू’मध्ये सहा आठवडे गेले.

दुसरी चूक माझी एकटीची, आणि ती प्रेमापोटी झाली. शनिवारी इथे कॅपिटॉलच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आईला तो फार आवडला. ताज्या भाज्यांचे ढीग बघून तिला कराडची मंडई आठवायची. केलच्या जुड्या बघून तिनं विचारलं, ‘‘ही कसली भाजी गं? मुळ्याच्या पाल्यासारखी दिसतेय.’’ कराडला ती पालेभाजी टाळायची. ‘या गोळीवर पालेभाजी चालत नाही’ असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं, ते तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. भाकरी, आमटी, वांगं, दोडका, असं तिचं जेवण. मला ते जुन्या पथ्यासारखं वाटलं. एवढ्या पौष्टिक भाज्या खायच्या नाहीत म्हणजे काय? हिमोग्लोबिन बघ तुझं! मी रोज सकाळी तिला स्मूदी करून द्यायला लागले. आईनं तिचं नाव ठेवलं ‘हिरवी लस्सी’. लेकीनं केलंय म्हणून ती रोज पेलाभर प्यायची.

जूनच्या शेवटच्या रविवारी सकाळी ती चहा करत होती. मी टेबलापाशी बसले होते. ती वळली आणि म्हणाली, ‘‘अगं, ती... ती दे.’’

‘‘काय देऊ?’’

‘‘ती... ते... टा...’’

मला वाटलं गंमत करतेय. मग तिच्या उजव्या हातातला चमचा खाली पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला साखर हवी होती. ‘साखर’ हा शब्द तिला सापडत नव्हता. ३४ वर्षं मुलांना मराठी शिकवणारी बाई माझ्याकडे बघून ओठ हलवत होती आणि आवाज निघत होते, शब्द निघत नव्हते. तिच्या डोळ्यांतून कळत होतं की आपल्याला काय होतंय ते तिला समजतंय.

९११ ला फोन केला. ॲम्ब्युलन्स सहा-सात मिनिटांत आली. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तिचा हात हलायला लागला होता आणि थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘‘गॅस बंद केलास का?’’ ते वाक्य ऐकून मी तिथेच रडायला लागले.

स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नव्हता. गुठळीचा एक बारीकसा कण मेंदूकडे गेला होता, रक्तवाहिनीत काही मिनिटं अडकला होता आणि विरघळला होता. कायमची इजा झाली नव्हती. पुढे केलेल्या तपासणीत झडपेवर छोटी गुठळी दिसली, पण झडपेची पाती नीट उघडमीट करत होती. आणि आयएनआर? १.४.

‘‘पण तिनं एकही गोळी चुकवलेली नाही,’’ मी तीन-तीनदा सांगितलं. डब्याचे रिकामे कप्पे दाखवले. तेव्हा ती फार्मासिस्ट आली आणि जेवणाबद्दल विचारू लागली. इथे या गोळ्यांचा हिशेब बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्टच बघतात. तिनं माझ्यावर ठपका ठेवला नाही. कागद घेतला, पेन घेतलं आणि रक्त गोठतं म्हणजे नेमकं काय होतं ते मला समजावून सांगितलं. पुढचे काही दिवस मीही वाचत राहिले. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

म्यानातली पाती

गुठळी करणारी प्रथिनं आपल्या रक्तात चोवीस तास फिरत असतात. पण ती झोपलेली असतात. जागी असती तर आपण सगळे काही मिनिटांत गोठून गेलो असतो. त्यांना रोमन आकडे दिलेले आहेत. फॅक्टर दोन, सात, नऊ, दहा असे. हे आकडे साधारण सापडण्याच्या क्रमानं पडले, कामाच्या क्रमानं नाही, म्हणून वाचताना डोकं फिरतं. यादीत सहा नंबर तर नाहीच. तो वेगळा घटक नसून जागा झालेला पाच नंबरच आहे, असं नंतर लक्षात आलं.

यातली बरीचशी प्रथिनं म्हणजे म्यानातली पाती आहेत असं समजा. पातं स्वतःहून म्यानाबाहेर येत नाही. दुसऱ्या उघड्या पात्यानं येऊन त्याचं म्यान ठरावीक जागी कापावं लागतं. कापलं की प्रथिनाचा आकार बदलतो, धार उघडी पडते आणि ते पुढच्याचं म्यान कापायला मोकळं होतं. प्रथिन ‘सक्रिय होतं’ म्हणजे एवढंच.

मग पहिलं पातं कोण उघडतं? रक्तवाहिनीच्या बाहेरच्या बाजूच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं. एरवी रक्ताची आणि त्याची गाठ पडत नाही. विळीवर बोट कापलं की पडते. रक्तातला सात नंबर त्याला जाऊन चिकटतो. सात नंबरचा अगदी थोडा भाग, शेकडा एकच्या आसपास, आधीपासूनच उघडा असतो, जणू पहाऱ्यावर ठेवलेला. ही जोडी नऊ आणि दहा नंबरची म्यानं कापते. दहा नंबर पाच नंबरला मदतीला घेतो आणि दोन नंबरला, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनला कापतो. त्यातून थ्रॉम्बिन तयार होतं.

थ्रॉम्बिन या सगळ्या घरातलं कर्तं माणूस. ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे बारीक तुकडे छाटतं आणि उरलेलं फायब्रिन धाग्यांसारखं एकमेकांना जुळत जातं. त्याच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. ते तेरा नंबरला जागं करतं, आणि तेरा नंबर त्या जाळ्याला पक्के टाके घालतो. शिवाय थ्रॉम्बिन मागे वळून पाच, आठ आणि अकरा नंबरांना आणि प्लेटलेटनाही जागं करतं, म्हणजे आणखी थ्रॉम्बिन तयार होतं. सुरुवातीला चार थेंब असतात, शेवटी लोंढा. १९६४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ही साखळी मांडली तेव्हा दोघांनाही पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणाऱ्या धबधब्याचीच उपमा सुचली होती.

लोंढा थांबवणारेही रक्तातच असतात. अँटिथ्रॉम्बिन उघड्या पात्यांना मिठी मारून निकामी करतं. थ्रॉम्बिन जखमेपासून लांब, धडधाकट भिंतीपाशी पोचलं की तिथे त्याचा स्वभावच बदलतो. ते प्रोटीन सी नावाच्या प्रथिनाला जागं करतं आणि ते प्रोटीन सी पाच आणि आठ नंबरांना तोडून टाकतं. काम झाल्यावर प्लास्मिन जाळं विरघळवतं. आईच्या मेंदूत अडकलेला कण बहुधा त्यानंच विरघळवला. म्हणून ती पुन्हा बोलू लागली.

दुसरं दार

मी विचारलं, ‘‘पण आईला तर जखम झालीच नव्हती. मग गुठळी का?’’

याचं उत्तर १९५५ मधल्या एका गोष्टीत आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला जॉन हेगमन नावाच्या रेल्वे कामगाराचं रक्त तपासणीसाठी घेतलं, तर ते काचेच्या नळीत गोठेचना. डॉक्टर चक्रावले, कारण या माणसाला कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. त्याच्या रक्तात जे प्रथिन नव्हतं त्याला पुढे फॅक्टर बारा म्हणू लागले. हे बारा नंबरचं प्रथिन काचेसारख्या परक्या पृष्ठभागाला टेकलं की जागं होतं आणि अकरा नंबरला जागं करतं, तो नऊला, आणि साखळी पुढे चालू. साध्या जखमेचं रक्त थांबवायला शरीराला या दाराची गरज पडत नाही. पण काचेला, धातूला, कार्बनला रक्त लागलं की हे दार उघडतं.

आईच्या छातीतली झडप म्हणजे रक्ताच्या दृष्टीनं परकी वस्तूच. दिवसाला लाखभर वेळा ती उघडते-मिटते आणि रक्त तिला घासून जातं. म्हणजे त्या दारावर रोज लाखभर थापा पडतात. म्हणूनच हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या अनेकांना हल्ली मिळणाऱ्या नव्या गोळ्या, ज्यांना महिन्याच्या तपासणीची कटकट नसते, त्या यांत्रिक झडप असलेल्यांना चालत नाहीत. त्यांना जुनीच गोळी घ्यावी लागते.

मूठ नसलेलं खुरपं

आता ती गोळी काय करते? हे मी आईला तिसऱ्या दिवशी पलंगाशेजारी बसून सांगितलं. तिला सगळं समजून घ्यायचं होतं. मास्तरीणबाई ना!

दोन, सात, नऊ आणि दहा ही चार प्रथिनं यकृतात तयार होतात. तयार होताना त्यांना शेवटचा हात फिरवावा लागतो. प्रथिनाच्या एका टोकाशी ठरावीक जागी एक जादा रासायनिक गट जोडला जातो. प्रोथ्रॉम्बिनवर अशा दहा जागा आहेत. या जागा कॅल्शियमला चिमटीत पकडतात आणि कॅल्शियमच्या आधारानं प्रथिन प्लेटलेटच्या पृष्ठभागावर घट्ट बसतं. हे बसणं फार महत्त्वाचं. वर सांगितलेली कापाकापी रक्ताच्या प्रवाहात तरंगत नीट होत नाही. सगळे एका जागी शेजारी शेजारी बसले, तर दहा नंबरचं काम एकट्याच्या तुलनेत लाखांच्या पटीत वेगानं होतं.

तो जादा गट जोडायला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलं की ते थकतं. शरीर त्याला पुन्हा ताजंतवानं करून वापरतं. गोळी नेमकं हे ताजं करणं अडवते. मग यकृत प्रथिनं बनवत राहतं, पण ती अर्धवट राहतात. रक्तात असतात, पण पृष्ठभागावर बसू शकत नाहीत.

आईनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे खुरपं आहे, धारही आहे, पण मूठ नाही. कशाला धरून खुरपणार?’’

मी जी गोष्ट दोन दिवस पानंच्या पानं वाचून समजून घेतली, ती तिनं एका वाक्यात सांगितली. रक्त होतं तेवढंच दाट राहतं. पातळ होतच नाही. फक्त खुरप्यांना मुठी नसतात.

आणि आता माझी हिरवी लस्सी बघा. बाईमाणसाला दिवसाला साधारण ९० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के पुरतं. एक कप कच्च्या केलमध्ये ते ११३ च्या आसपास असतं, एक कप कच्च्या पालकात १४५. मी दोन्ही घालत होते, रोज. वर सॅलड. कराडच्या डॉक्टरांनी तिची मात्रा भाकरी-दोडक्याच्या जेवणावर बसवलेली होती. गोळी जुनं व्हिटॅमिन पुन्हा वापरू देत नव्हती, पण मी रोज नवं पोतं आणून ओतत होते. यकृतानं पुन्हा मुठी बसवायला सुरुवात केली. आई गोळी घेत होती, आणि तिची लेक ती गोळी रोज सकाळी पेल्यातून पुसून टाकत होती.

बर्फातून आलेला शेतकरी

निघताना ती फार्मासिस्ट म्हणाली, ‘‘तुम्हाला माहीत आहे ना, हे औषध आपल्या मॅडिसनमध्येच सापडलं?’’ चौदा वर्षं इथे राहून मला माहीत नव्हतं.

१९२० च्या दशकात अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या थंड भागात गुरं विचित्र आजारानं मरत होती. शिंगं कापली किंवा साधी जखम झाली तरी रक्त थांबायचं नाही. स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला बुरशी लागली आणि तो गुरांनी खाल्ला की हे व्हायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत, शनिवारी, बर्फाच्या वादळात एड कार्लसन नावाचा शेतकरी जवळजवळ १९० मैल गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, खराब झालेला चारा, आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. सरकारी पशुवैद्याचं ऑफिस बंद होतं. ज्या इमारतीचं दार उघडं सापडलं, तिथे विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक होते. हा चारा घालू नका आणि जमलं तर दुसऱ्या गुराचं रक्त द्या, यापलीकडे त्या दिवशी ते काही सांगू शकले नाहीत. शेतकरी तसाच परत गेला. पण ते रक्त प्रयोगशाळेत राहिलं.

सहा वर्षं खपून १९३९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं झालं. त्याचं नाव डायकुमारॉल. त्याच्यावरून पुढे जास्त प्रभावी द्रव्य बनवलं, ते १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. संशोधनाला पैसा देणाऱ्या इथल्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून, ‘वॉर्फ’वरून, त्याचं नाव पडलं वॉरफरिन. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही दिलं गेलं. गुरांना मारणारा चारा, मग उंदरांचं विष, मग राष्ट्राध्यक्षांचं औषध. रक्ताची जी तपासणी आईच्या आयएनआरच्या मुळाशी आहे, तीही विस्कॉन्सिनमध्येच जन्मलेल्या आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये मांडली. आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिल्लांचा रक्तस्राव थांबवणाऱ्या व्हिटॅमिनला नाव दिलं ‘के’, ‘कोआग्युलेशन’मधला के.

भारतात आई घेत होती ती गोळी ॲसेनोकुमारॉल, वॉरफरिनची सख्खी बहीण. ती इथे मिळत नाही. म्हणून इथल्या डॉक्टरांनी आईला वॉरफरिन सुरू केलं. पण ते लगेच लागू पडत नाही. आधी तयार झालेली, मुठी असलेली प्रथिनं रक्तात असतातच, ती संपायला वेळ लागतो. सात नंबर सहा-एक तासांत अर्धा होतो, प्रोथ्रॉम्बिनला मात्र अडीच दिवस लागतात. तोवर आईला हेपॅरिन शिरेतून दिलं. हेपॅरिनची रीत वेगळी. ते अँटिथ्रॉम्बिनला जोर देतं आणि उघडी पाती लगेच निकामी करतं. आकडा अडीचच्या वर जाईपर्यंत आम्ही हॉस्पिटलमध्येच होतो. त्याचं बिल किती आलं ते सांगत नाही. जी तपासणी वाचवली होती, तिच्या खर्चात ते बसलं नाही एवढं नक्की.

पथ्य नाही, शिस्त

सगळ्यात जास्त आश्चर्य मला फार्मासिस्टच्या शेवटच्या सल्ल्याचं वाटलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, हिरवी भाजी बंद. ती म्हणाली, ‘‘बंद करू नका. अजिबात पालेभाजी न खाणाऱ्यांचा आकडा उलट जास्त हेलकावे खातो. थोडी खा, पण दर आठवड्याला सारखी खा. मात्रा जेवणावर बसवता येते. रोज बदलणाऱ्या जेवणावर कशी बसवणार?’’

म्हणजे आईचं जुनं पथ्यही पूर्ण बरोबर नव्हतं आणि माझा नवा उत्साहही.

तुमच्याकडे कोणी अशी गोळी घेणारं येणार असेल, तर माझ्या अनुभवावरून एवढंच सांगते. निघण्याआधी आणि इथे आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत आयएनआर करून घ्या, खिशातून पैसे गेले तरी. इथे जेवण बदलतंच. कुणी जास्त हिरवं खायला लागतं, कुणी परक्या घरात पोटभर खातच नाही, कुणाला दाताच्या दुखण्यावर प्रतिजैविक दिलं जातं. या प्रत्येकानं आकडा वर किंवा खाली जाऊ शकतो. गोळीचं शास्त्रीय नाव इंग्रजीत लिहून ठेवा, कारण आपल्याकडचं औषध इकडे असेलच असं नाही. आणि मात्रा स्वतः बदलू नका, ते डॉक्टरांना विचारून. बोलताना शब्द सापडेनासे झाले, तोंड वाकडं झालं, हात पडला, तर गंमत समजून एक मिनिटही घालवू नका. मी घालवलं होतं.

आई ऑक्टोबरच्या शेवटी कराडला परतली. तिथल्या डॉक्टरांनी वॉरफरिनच चालू ठेवलं आहे. आता ती बुधवारी आणि रविवारी एक-एक वाटी पालेभाजी खाते. पालक, मेथी, माठ, जे मिळेल ते, पण वाटी तीच. कॅलेंडरवर आकड्याशेजारी आता भाजीही लिहिते. केलची आठवण काढते आणि म्हणते, ‘‘चांगली होती गं तुझी लस्सी. जरा जास्तच चांगली होती.’’

महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. चष्मा वर-खाली करत ती रिपोर्ट वाचून दाखवते. परवाचा आकडा होता २.८. मी पुढे काही विचारायच्या आत ती स्वतःच म्हणाली, ‘‘साखर,’’ आणि हसली. दर महिन्याला म्हणते.

– मॅडिसन, विस्कॉन्सिन (अमेरिका)